मद्रासचे निधी आणि सरकारचा पहारा

'निधी' हा शब्द मराठी माणसाच्या कानावर पडला की त्याला देणगीची पावती आठवते. पूरग्रस्तांचा निधी, शाळेच्या इमारतीचा निधी, एखाद्या स्मारकाचा निधी. मद्रासकडे, म्हणजे १९९६ पासून ज्याला चेन्नई म्हणतात त्या शहराकडे, हाच संस्कृत शब्द गेली पावणेदोनशे वर्षे एका वेगळ्या व्यवहारासाठी वापरला जात आहे. तेथे निधी म्हणजे सभासदांनी दरमहा थोडे थोडे पैसे एकत्र करून आपल्यातच कर्जाऊ द्यावयाची पेढी. ही पेढी बँक नव्हे, सावकारी दुकान नव्हे, सहकारी संस्थाही नव्हे. ती नेमकी काय आहे, हा प्रश्न कायद्याला जवळजवळ आरंभापासून छळत आला आहे, आणि त्याच्या उत्तरावर हजारो कुटुंबांची पुंजी अवलंबून राहिलेली आहे.

मद्रासमधील पहिले निधी १८५० च्या सुमारास निघाले. इंग्लंडात त्या काळी घरबांधणी मंडळ्यांची चलती होती. पंचवीसपन्नास माणसांनी ठरावीक मुदतीपर्यंत वर्गणी भरावयाची, ज्याला गरज असेल त्याने आपला हिस्सा आधी उचलून व्याज द्यावयाचे, आणि मुदत संपली की हिशेब करून मंडळी मोडावयाची. हा नमुना मद्रासच्या कारकुनांच्या आणि वकिलांच्या नजरेस आला असावा. पण त्याला रुजावयास जमीन येथलीच मिळाली, कारण वर्गणी जमवून पाळीपाळीने उचलण्याचा व्यवहार दक्षिणेत फार जुना होता. तमिळमध्ये त्याला सीट्टु म्हणतात; आपल्याकडील भिशीची ती सख्खी बहीण होय.

मुदतीच्या निधीत एक अडचण होती. मुदत संपत आली की कर्ज घेणारा उरत नसे आणि जमलेला पैसा पडून राही. नवा माणूस मध्येच आत येऊ शकत नसे. म्हणून पुढे कायमचे, म्हणजे न मोडणारे निधी निघाले. 'परमनंट फंड' या नावाचा उगम हा. त्यांतला सर्वांत ख्यातनाम म्हणजे १८७२ साली स्थापन झालेला 'मैलापूर हिंदू परमनंट फंड'. मैलापूर ही कपालीश्वराच्या देवळाभोवतीची जुनी वस्ती. मद्रासचे उच्च न्यायालय १८६२ साली सुरू झाल्यावर वकील, सरकारी नोकर, शिक्षक, पेन्शनर अशा मंडळींचे ते ठाणे बनले. या वर्गाजवळ दागिने असत, घर असे, महिन्याचा पगार असे. नसे ती रोकड. मुलीचे लग्न निघाले की दागिने तारण ठेवावे लागत. सावकाराचे व्याज आणि निधीचे व्याज यांत जो फरक पडे, त्यातच निधीचे सारे सामर्थ्य होते.

दुसरे सामर्थ्य ओळखीचे. कर्ज मागणारा कोणत्या गल्लीत राहतो, त्याचा वडीलभाऊ कोणत्या कचेरीत आहे, हे संचालकांना ठाऊक असे. आणि संचालकांची वागणूक सभासदांच्या नजरेखाली असे. अशा ठिकाणी वेगळ्या पहारेकऱ्याची गरज कोणाला वाटली नाही, तर त्यात नवल नाही. कायद्याच्या दृष्टीने निधी ही एक कंपनी होती. १८६६ च्या कंपनी कायद्याखाली नाव नोंदवावे, वार्षिक ताळेबंद दाखल करावा, एवढेच तिचे कर्तव्य. नोंदणी करणारा अधिकारी कागद ठेवून घेई. तारणातले सोने खरे की खोटे हे पाहणे त्याचे काम नव्हते.

मद्रासच्या मुलकी सेवेतील फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्यास सरकारने शेतकऱ्यांच्या कर्जाच्या प्रश्नावर अहवाल लिहावयास सांगितले, तेव्हा त्याने युरोपातील पतपेढ्यांबरोबर घरच्या निधींचाही अभ्यास केला. त्याचा अहवाल १८९५ आणि १८९७ अशा दोन खंडांत प्रसिद्ध झाला. परस्पर विश्वासावर पैसा उभा करण्याचे शिक्षण या देशातील माणसाला नव्याने द्यावयास नको, याचा पुरावा त्याला निधींत मिळाला. पण निधी शहरी आहेत, ते दागिने आणि घरे पाहून कर्ज देतात, कोरडवाहू शेतकऱ्यापर्यंत ते पोहोचणार नाहीत, हेही त्याने पाहिले. जर्मनीतील राइफायझेनच्या धर्तीवर गावोगाव पतसंस्था निघाव्यात अशी त्याची शिफारस होती. मराठी वाचकाने येथे बडोद्याचे स्मरण ठेवावे. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी तेथे १८८९ सालीच 'अन्योन्य सहकारी मंडळी' काढली होती. ती निकल्सनच्या अहवालाच्या आधीची, आणि तिचे नावच मैलापूरच्या निधीचे तत्त्व अधिक नेमकेपणाने सांगते.

मार्च १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि दोन भावंडांची ताटातूट झाली. त्याच वर्षी कांचीपुरम येथे नागरी सहकारी बँक निघाली आणि मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात नागरी सहकारी भांडार सुरू झाले. या नव्या संस्थांवर निबंधक नावाचा सरकारी अधिकारी आला. तो हिशेब तपासणार, भांडण सोडवणार, प्रसंगी संस्था मोडणार. निधी मात्र कंपनी कायद्यातच राहिले. माणसे तीच, हेतू तोच, पण एकीकडे पहारेकरी घरात राहावयास आला आणि दुसरीकडे दारापर्यंतही फिरकला नाही. पुढील सव्वाशे वर्षांतील पुष्कळसा गोंधळ या एका ताटातुटीतून निघाला आहे.

मद्रासला पहिला मोठा धक्का बसला तो निधीमुळे नव्हे. समुद्रकिनाऱ्यावर आर्बथनॉट आणि कंपनी ही शहरातील अग्रगण्य युरोपीय पेढी होती. ती व्यापार करी, गिरण्यामळे सांभाळी आणि लोकांच्या ठेवीही घेई. ती भागीदारी पेढी असल्यामुळे ताळेबंद प्रसिद्ध करण्याचे बंधन तिच्यावर नव्हते. निवृत्त अधिकारी, विधवा, छोटे जमीनदार यांनी आपली आयुष्याची शिल्लक केवळ तिच्या नावावर विसंबून तेथे ठेवली होती. लंडनच्या जोडपेढीतील भागीदार मॅकफेडियन सट्ट्यात बुडाला आणि त्याने आगगाडीखाली जीव दिला. सोमवार, २२ ऑक्टोबर १९०६ रोजी मद्रासच्या पेढीने दारे बंद केली. बिनी कंपनीही तेव्हा डळमळली आणि दुसऱ्या हाती गेली. आर्बथनॉटचे प्रमुख सर जॉर्ज आर्बथनॉट यांच्यावर खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. गव्हर्नरच्या मेजवानीत मानाने बसणाऱ्या गोऱ्या सावकाराला मद्रासच्याच न्यायालयाने तुरुंगात धाडावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

ठेवीदारांच्या हाती यातून फारसे काही आले नाही. पण मैलापूरचे वकील व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांनी या प्रसंगातून एक वेगळा निष्कर्ष काढला. मद्रासच्या लोकांची स्वतःची, मर्यादित जबाबदारीची आणि उघड हिशेबाची बँक असावयास हवी असे म्हणून त्यांनी भांडवलासाठी खटपट केली. नाट्टुकोट्टै चेट्टियारांनी त्यांना साथ दिली आणि १५ ऑगस्ट १९०७ रोजी इंडियन बँकेचा कारभार सुरू झाला. थोड्याच वर्षांत आर्बथनॉटचीच इमारत या बँकेने विकत घेतली. सरकारकडून या घटनेला जे उत्तर आले ते १९०९ च्या प्रेसिडेन्सी शहरांच्या नादारी कायद्याचे. तो कायदा बुडालेल्याच्या मालमत्तेची वाटणी कशी करावी हे सांगे. बुडण्यापूर्वी काय करावे, याबद्दल तो गप्प होता.

हीच उणीव पुन्हा १९३८ साली उघडी पडली. त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक ही दोन बँकांच्या विलीनीकरणाने झालेली संस्था. तिचा जन्म संस्थानी मुलखातला आणि कारभाराचे ठाणे मद्रासला. त्रावणकोरच्या दिवाणांचा आणि बँकेच्या चालकांचा बेबनाव होता. अफवा उठल्या, रांगा लागल्या, जून १९३८ मध्ये बँक बंद झाली. दिवाणांनी ती मुद्दाम बुडवली की ती आतूनच पोकळ झाली होती, हा वाद केरळात अजून संपलेला नाही. रिझर्व्ह बँक तेव्हा तीन वर्षांची होती. तिच्या हाती ना तपासणीचा पुरेसा अधिकार होता ना परवान्याचा. तो अधिकार तिला १९४९ च्या बँकिंग कायद्याने मिळाला. पुढे १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली तेव्हा आणखी एक पाऊल पडले, आणि १ जानेवारी १९६२ पासून दर ठेवीदाराच्या दीड हजार रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण मिळाले. ही मर्यादा वाढत वाढत २०२० साली पाच लाखांवर आली.

निधीतल्या ठेवीला हा विमा कधीच लागू झाला नाही. कारण साधे होते. निधी बँक नव्हे. तो लोकांकडून ठेवी घेत नाही, सभासदांकडून घेतो. आणि सभासद म्हणजे धनी. धन्याच्या पैशाचा विमा सरकारने कशासाठी उतरावा? १९६० साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि केंद्र सरकारला एखाद्या कंपनीस 'निधी' म्हणून घोषित करून तिला काही कलमांतून सूट देण्याचा अधिकार मिळाला. म्हणजे सरकारने निधीची दखल घेतली ती पहारा बसवण्यासाठी जितकी, तितकीच सवलत देण्यासाठी. बँकेतर कंपन्यांच्या ठेवींवर रिझर्व्ह बँकेचा अंमल १९६३ च्या दुरुस्तीने सुरू झाला, तेव्हाही घोषित निधींना पुष्कळशा नियमांतून वगळण्यात आले.

भिशीच्या बाबतीत मद्रास राज्याने अधिक धीटपणा दाखवला. व्यापारी भिशीत फोरमन नावाचा चालक असतो. तो सभासद जमवतो, दरमहा लिलाव करतो. जो सर्वांत जास्त सूट सोडावयास तयार होईल त्याला त्या महिन्याची रक्कम मिळते, सुटीची रक्कम इतरांत वाटली जाते आणि फोरमनला त्याची दलाली. भिशी उचललेल्याने पुढचे हप्ते बुडवले किंवा फोरमनच पसार झाला, तर दाद कोठे मागावी? मद्रासच्या विधिमंडळाने १९६१ साली भिशीचा कायदा केला. पूर्वसंमतीशिवाय भिशी चालवू नये, फोरमनने तारण ठेवावे, लिलावाचे टिपण निबंधकाकडे द्यावे, अशी त्याची घडण होती. १९८२ साली संसदेने सर्व देशासाठी याच धर्तीवर कायदा केला. भिशी हा बँकिंगचा प्रकार की माणसामाणसांतला करार, हा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९३ साली न्यायालयाने तो करार ठरवला आणि कायदा वैध राहिला. या खटल्याशी ज्या श्रीराम उद्योगसमूहाचे नाव जोडलेले आहे, तो १९७४ साली मद्रासमध्ये भिशीच्या धंद्यातून उभा राहिला आणि पुढे ट्रकमालकांना कर्ज देणारा मोठा समूह बनला. टी. एस. संथानम यांची सुंदरम फायनान्स त्याआधीची, १९५४ ची. बँका ज्यांना उभे करीत नसत अशा वाहनमालकांना या कंपन्यांनी उभे केले, हे येथे सांगितले पाहिजे. नाहीतर बँकेतर कंपनी म्हणजे फसवणूक, असा चुकीचा समज व्हावयाचा.

फसवणुकीचे पीक आले ते १९९० नंतर. दरसाल चोवीस, तीस, छत्तीस टक्के व्याजाचे आमिष दाखवणाऱ्या पेढ्या मद्रासच्या रस्त्यारस्त्यावर निघाल्या. काहींनी नावात 'बेनिफिट फंड' घालून जुन्या निधींची पत उसनी घेतली. निवृत्तीची रक्कम घेऊन आलेला माणूस 'कायद्याने नोंदलेली कंपनी' ही पाटी वाचून निर्धास्त होई. नोंदणी आणि देखरेख या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नसे. पेढ्या बुडू लागल्या तेव्हा पोलिसांजवळ होते ते जुने फसवणुकीचे कलम. त्याने माणूस तुरुंगात जाई. पैसा परत येत नसे.

१९९७ साली दोन ठिकाणांहून उपाय आले. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बँकेतर कंपन्यांना नोंदणी आणि किमान भांडवल सक्तीचे झाले. आणि तमिळनाडू सरकारने ठेवीदारांच्या हितरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. त्यातील कल्पना नवी होती. ठेव परत मिळत नाही असे दिसताच सरकारने पेढीची, आणि तिच्या पैशाने घेतली असेल तर दुसऱ्याच्या नावावरचीही, मालमत्ता जप्त करावी. त्यासाठी सक्षम अधिकारी नेमावा. विशेष न्यायालयाने ती विकून ठेवीदारांना वाटावी. दोषी माणसाला दहा वर्षांपर्यंत कैद. आर्बथनॉटच्या काळापासून जी गोष्ट दिवाळे निघाल्यावर वर्षानुवर्षे रेंगाळत असे, ती दिवाळ्याच्या आधीच पकडण्याचा हा प्रयत्न होता.

महाराष्ट्राने १९९९ साली याच स्वरूपाचा कायदा केला. ठकबाजीला बळी पडलेल्या मराठी ठेवीदारांच्या तोंडी 'एमपीआयडी' हे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव आज असते, तोच हा. पण बँकिंग हा विषय घटनेने केंद्राकडे सोपवलेला; राज्याला असा कायदा करता येतो काय? मद्रास उच्च न्यायालयाने होय म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००५ साली नाही म्हटले आणि महाराष्ट्राचा कायदा रद्द ठरवला. एकच प्रश्न, एकच घटना, आणि दोन उच्च न्यायालयांची दोन तोंडे! मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या खटल्यात निकाल देऊन मद्रासचे मत उचलून धरले आणि मुंबईचे अमान्य केले. फसलेल्या नागरिकाचे रक्षण हे राज्याचेही काम आहे, असा त्या निकालाचा आशय. महाराष्ट्रातील ठेवीदारांचा कायदा असा चेन्नईच्या वाटेने परत जिवंत झाला.

निधींवरची देखरेख मात्र दिल्लीकडेच राहिली. काही निधीही अडचणीत आल्यावर २००० साली केंद्राने तमिळनाडूचे माजी मुख्य सचिव पी. सबनायकम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. स्वतःच्या भांडवलाच्या वीसपटीपेक्षा अधिक ठेवी घेऊ नयेत, हे बंधन त्यानंतर आले. २०१४ च्या नियमांनी ते कायम ठेवले आणि आणखी घातली: ठेवींचा दहावा हिस्सा बँकेत मोकळा असावा, कर्ज केवळ सोने, घर, मुदतठेव किंवा रोखे यांच्या तारणावर द्यावे, ठेवीसाठी जाहिरात करू नये, राज्याबाहेर शाखा काढू नये. शेवटच्या दोन बंधनांत जुन्या मैलापूरची आठवण दडलेली दिसते. ज्याला जाहिरात करून सभासद शोधावा लागतो तो निधीच नव्हे, असे नियम करणाऱ्याला वाटत असावे.

पण त्याच नियमांत सभासद कोणाला म्हणावे याचेही उत्तर आहे. मुदतठेव ठेवणाऱ्याला किमान शंभर रुपयांचे भाग द्यावेत, आणि बचत किंवा आवर्त ठेवीच्या खातेदाराजवळ दहा रुपयांचा एक भाग असला तरी पुरे. गल्लीतल्या ओळखीची किंमत कायद्याच्या तराजूत दहा रुपये ठरली. ही पळवाट सर्वांच्या लक्षात यावयास वेळ लागला नाही. २०१४ ते २०१९ या काळात देशभर दहा हजारांहून अधिक कंपन्या निधी म्हणून निघाल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयानेच जाहीर केले की, घोषणेसाठी आलेल्या ३४८ अर्जांपैकी एकही पात्र ठरलेला नाही. एप्रिल २०२२ पासून नव्या कंपनीला दोनशे सभासद आणि वीस लाखांचा स्वनिधी दाखवून आधी घोषणा मिळवावी लागते, मगच काम सुरू करता येते. २०१९ साली अनियंत्रित ठेवयोजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला, त्यानेही निधी हे नियंत्रित, म्हणून वैध, असेच धरले आहे.

हे सारे नियम नव्या, अनोळखी निधींकडे बोट दाखवून झाले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये बातमी आली ती दीडशे वर्षे ओलांडलेल्या मैलापूर हिंदू परमनंट फंडाची. मुदत संपूनही ठेवी परत मिळत नाहीत, दिलेले धनादेश वटत नाहीत, अशा तक्रारी घेऊन ठेवीदार चेन्नईच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेले. त्यांत वृद्ध पेन्शनर पुष्कळ होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या याच निधीत पैसा ठेवणाऱ्या घरांतलेही होते. अडकलेल्या रकमेचा आकडा वर्तमानपत्रांतून पाचशे कोटींच्या वर सांगितला गेला. फंडाच्या व्यवस्थापकीय संचालकास अटक झाली. आरोप खरे की खोटे हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण कारवाई कोणी केली हे पाहण्यासारखे आहे. निधीची घोषणा, नियम आणि देखरेख केंद्राची. ठेवीदार धावले ते राज्याच्या पोलिसांकडे, आणि हाताशी आला तो राज्याचा १९९७ चा कायदा.

त्या कायद्यापुढे ते उभे राहिले ते ठेवीदार म्हणून. निधीच्या नियमाप्रमाणे मात्र त्यांतल्या प्रत्येक मुदतठेवीच्या धन्याजवळ फंडाचे किमान शंभर रुपयांचे भाग असावयास हवेत; म्हणजे ज्या कंपनीविरुद्ध त्यांनी फिर्याद दिली, तिचे कायद्याने तेही मालकच होते.